टॉर्चचा लिथियम सेल वारंवार निकामी होतो? नवा सेल आणण्याआधी चार्जर मोजून पाहा

तक्रार साधारण अशी असते. 18650 आकाराच्या लिथियम-आयन सेलवर चालणारा टॉर्च नवा सेल घातल्यावर दोन-तीन महिने उत्तम चालतो. मग रात्रभर पुरणारा उजेड अर्ध्या तासात मंदावू लागतो, चार्जिंगला लावलेला सेल हातात धरवत नाही इतका तापतो, आणि एखाद्या दिवशी चार्जरचा लाल दिवा लागतच नाही. दुकानदार सेल गेला म्हणून सांगतो, आपण दुसरा आणतो, आणि तीन महिन्यांनी पुन्हा त्याच दुकानात उभे असतो. एखादा सेल खराब निघू शकतो, परंतु ओळीने तीन-चार सेल सारख्याच रीतीने गेले, तर दोष सेलच्या बाहेर शोधायला हवा. माझ्या बाबतीत तो चार्जरमध्ये सापडला, आणि तो कसा सापडला हे येथे सविस्तर लिहीत आहे.

आमची संत्र्याची बाग काटोलकडे आहे. थोरले भाऊ ती सांभाळतात आणि मी नागपुरात राहतो. शेतीपंपाला काही दिवस रात्रपाळीची वीज असते, त्यामुळे ओलित रात्रीच करावे लागते. पाण्याची पाळी बदलताना साप-विंचवाचे भय आणि कुंपणालगत रानडुकरे, म्हणून टॉर्चवाचून तेथे पाऊल टाकता येत नाही. सोळा महिन्यांत त्या टॉर्चचे चार सेल गेले. चारही मी नागपूरच्या बर्डी बाजारातून नेले होते आणि चारही वेळा चार्जर तोच होता, टॉर्चसोबत फुकट मिळालेला, भिंतीतल्या सॉकेटमध्ये थेट खोचायचा, दोन पायांचा. चौथ्या सेलच्या वेळी सालदाराने मला बोलावून दाखवले. "भाऊ, दिवा हिरवा झाला जी, पण सेल तव्यासारखा तपला." प्लग काढून सेल थंड होऊ दिला आणि मग हातात घेऊन पाहिला, तेव्हा धन टोकाकडचे प्लॅस्टिकचे आवरण आक्रसून मागे सरकलेले होते आणि नेलपॉलिशच्या बाटलीसारखा किंचित गोडसर वास येत होता. हा वास सेलमधील द्रावकाचा असतो. तो आला म्हणजे सेलमधून वायू बाहेर पडू लागला आहे असे समजावे, आणि असा सेल पुन्हा कधीही चार्ज करू नये.

मोजणी कशी केली

यासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो, पण दोन गोष्टी आधी सांभाळाव्या लागतात. पहिली म्हणजे लाल वायर व्होल्टच्या छिद्रातच असली पाहिजे. ती चुकून 10 अँपिअरच्या छिद्रात राहिली आणि टोके सेलला लावली, तर मीटर म्हणजे सेलच्या दोन टोकांना जोडलेली नुसती तार होते आणि सेल शॉर्ट होतो. हा अपघात नवख्या माणसाकडून सहज घडतो. दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. पहिल्या मोजणीत माझ्या मीटरने 4.51 व्होल्ट दाखवले आणि मी हादरलो. मीटरच्या आतील 9 व्होल्टची बॅटरी उतरलेली असेल, तर स्वस्त मीटर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतात. बॅटरी बदलली, खात्रीसाठी पाकिटातून नुकताच काढलेला साधा अल्कलाइन पेन्सिल सेल मोजला, तो 1.6 व्होल्टच्या आसपास भरला, आणि मगच पुढचे आकडे खरे धरले.

चार्जर रिकामा असताना त्याच्या पट्ट्यांवर व्होल्ट मोजून फारसे कळत नाही, कारण काही चार्जर सेल बसल्याशिवाय नीट वीज देतच नाहीत. मोजायचे ते सेलवर, तेही दोनदा: एकदा हिरवा दिवा लागताच, आणि सेल तसाच चार्जरमध्ये ठेवून काही तासांनी पुन्हा. ही दुसरी मोजणी होईपर्यंत समोर बसून राहावे आणि सेल तापू लागला तर तेथेच थांबावे. आमच्या चार्जरमध्ये मी तिसऱ्या खेपेचा, अजून थोडाफार चालणारा सेल घालून पाहिला. हिरवा दिवा लागला तेव्हा 4.23 व्होल्ट होते, आणि चार तासांनी 4.36.

या दोन आकड्यांत सगळा उलगडा आहे. नेहमीच्या 3.6 किंवा 3.7 व्होल्ट लिहिलेल्या लिथियम-आयन सेलची भरण्याची मर्यादा 4.20 व्होल्ट असते, आणि त्यात जेमतेम 0.05 व्होल्ट इकडेतिकडे चालते. चांगला चार्जर आधी ठरलेल्या प्रवाहाने सेल भरतो, 4.20 व्होल्ट झाले की व्होल्ट तेथेच धरून ठेवतो आणि प्रवाह आपोआप घटत जातो. तो सुरुवातीच्या दहाव्या ते विसाव्या भागावर आला की चार्जर वीज पूर्णपणे तोडतो. भावांना मी हे ओलिताच्या भाषेत सांगितले: वाफा भरत आला की धार बारीक करायची आणि भरला की दार बंद करायचे, दार उघडे टाकून घरी जायचे नाही. आमचा चार्जर हिरवा दिवा लावत होता, पण दार बंद करत नव्हता. प्रवाह कमी झाला की दिव्याचा रंग बदलायचा, एवढीच व्यवस्था त्यात होती. शिसे-आम्लाच्या बॅटरीला असा बारीक प्रवाह चालतो, इन्व्हर्टरची बॅटरी दिवसेंदिवस त्यावर असते. लिथियम-आयन सेलला तो चालत नाही.

मर्यादेपलीकडे भरलेल्या सेलमध्ये लिथियम ऋण बाजूच्या ग्राफाइटच्या थरांत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचू लागते, द्रावकाचे विघटन होऊन वायू तयार होतो आणि साठवणक्षमता कायमची घटते. दोन-तीन महिन्यांत उजेड निम्म्यावर येण्याचे कारण हे. चांगल्या बनावटीच्या अनेक 18650 सेलमध्ये टोपीखाली दाबाने तुटणारा एक सांधा असतो. आत वायूचा दाब वाढला की तो तुटतो, सेल मीटरवर शून्य व्होल्ट दाखवतो आणि चार्जरचा लाल दिवा लागत नाही. अशा वेळी सेलने स्वतःला तोडून घेऊन आपल्याला वाचवलेले असते. स्वस्त सेलमध्ये हा सांधा असेलच याची हमी नाही, आणि तो नसेल तर उष्णता वाढत जाऊन सेल पेटू शकतो.

शून्य व्होल्टचे दुसरेही एक कारण असते. संरक्षक सर्किट बसवलेला सेल फार उतरला की ते सर्किट आपणहून वाट बंद करते, आणि योग्य चार्जरमध्ये ठेवल्यावर सेल पुन्हा जागा होतो. तो तसा जागा झाला तर उत्तम. झाला नाही, तर दुसऱ्या भरलेल्या सेलला तारेने जोडून त्याला "झटका" देण्याची जी पद्धत काही दुरुस्तीवाले वापरतात, तिच्या वाटेला जाऊ नये. सेल दोन व्होल्टांच्या खाली बराच काळ पडून राहिला असेल, तर त्यातील तांबे विरघळून नको त्या जागी बसलेले असू शकते, आणि पुढच्या चार्जिंगमध्ये ते आतल्या आत शॉर्ट करते. चांगला चार्जर अशा सेलला आधी अगदी अल्प प्रवाह देऊन पाहतो आणि प्रतिसाद मिळाला नाही तर नकार देतो. हा नकार म्हणजे चार्जरचा बिघाड नव्हे.

पिन बसली म्हणजे चार्जर जुळला असे नाही

मोजणीनंतर मी शेतावरच्या खोलीतील सगळेच चार्जर खाली मांडले, आणि जे दिसले त्याची मला अधिक काळजी वाटली. एकाच खिळ्याला फवारणी पंपाचा चार्जर, डोक्याला बांधायच्या दिव्याचा चार्जर आणि जुन्या मोबाइलचे दोन अ‍ॅडॅप्टर लटकत होते. त्यांतील दोघांची गोल पिन एकमेकांच्या यंत्रांत बिनधास्त बसत होती. आपल्याकडे पिन बसली की चार्जर चालतो अशी समजूत आहे, आणि तिच्यामुळे होणारे नुकसान लगेच दिसत नाही, म्हणून ती टिकून राहते.

फवारणी पंपाचेच पाहा. जुन्या पंपात 12 व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी असते आणि तिचा चार्जर 14 व्होल्टांच्या वर जातो. नव्या काही पंपांत तीन लिथियम-आयन सेल ओळीने जोडलेले असतात, आणि त्यांची मर्यादा तीन गुणिले 4.2, म्हणजे 12.6 व्होल्ट. दोन्ही पंपांवर मोठ्या अक्षरांत "12 व्होल्ट" लिहिलेले असते. जुना चार्जर नव्या पंपाला लावला, तर सगळा भार आतल्या संरक्षक सर्किटवर पडतो; ते चांगले असेल तर वाचते, नसेल तर तीनही सेल मर्यादेपलीकडे जातात. काही संचांत चार लिथियम-आयर्न-फॉस्फेट सेल असतात, त्यांना 14.6 व्होल्ट लागतात. म्हणून चार्जरवरचा आकडा आणि बॅटरीवर लिहिलेली चार्जिंगची मर्यादा शेजारी शेजारी ठेवून वाचल्याशिवाय जोडणी करू नये.

सुट्या सेलमध्येही हीच गफलत होते. 3.2 व्होल्ट लिहिलेला सेल लिथियम-आयर्न-फॉस्फेटचा असतो, सौर दिव्यांत तो पुष्कळदा आढळतो, आणि त्याची मर्यादा 3.65 व्होल्ट आहे. तो दिसायला 18650 सारखाच असला तरी 4.2 व्होल्टच्या चार्जरमध्ये घालू नये. 1.2 व्होल्ट लिहिलेला पेन्सिल सेल निकेलचा, त्याची चार्जिंगची रीतच निराळी. आणि 14500 हा लिथियम सेल तर आकाराने पेन्सिल सेलएवढाच असतो, त्यामुळे लहान मुलांच्या हातून अदलाबदल होते. सेलवर काहीच लिहिलेले नसेल तर तो चार्ज करू नये. अंदाजाने चालवण्याची ही जागा नाही.

डोक्याच्या दिव्याची गोष्ट आणखी फसवी होती. त्याच्या मूळ अ‍ॅडॅप्टरवर 4.2 व्होल्ट, 500 मिलिअँपिअर असे बारीक अक्षरांत लिहिलेले होते. याचा अर्थ सेल किती भरायचा याचे नियंत्रण अ‍ॅडॅप्टरमध्ये होते आणि दिव्याच्या आत सेलपर्यंत जवळजवळ सरळ तार होती. मूळ अ‍ॅडॅप्टर हरवल्यावर सालदाराने त्याला मोबाइलचा 5 व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर लावायला सुरुवात केली होती. ज्या टॉर्चमध्ये स्वतःचे चार्जिंग सर्किट असते त्याला 5 व्होल्ट चालतात, किंबहुना तेच लागतात; या दिव्याला ते घातक होते. तो दिवा मी त्याच दिवशी बंद करून घरी आणला.

नवा चार्जर निवडताना

सुरक्षित चार्जरची माझी पहिली अट अशी की तो भरणे पूर्ण झाल्यावर वीज तोडतो असे पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले असावे आणि आपल्या मीटरवर तसे दिसावे. दुसरी अट, प्रत्येक खणाचे नियंत्रण वेगळे असावे. दोन सेल एकाच सर्किटवर जोडलेले असले की एक कमजोर सेल दुसऱ्याला बिघडवतो. उलटा बसलेला सेल त्याने ओळखून नाकारावा. पडद्यावर व्होल्ट दाखवणारा मिळाला तर चांगले, कारण शेतावर प्रत्येकाजवळ मीटर नसतो.

प्रवाह निवडता येणे ही मात्र सोय नव्हे, गरज आहे. साधारण नियम असा की सेलच्या क्षमतेच्या निम्म्या आकड्याइतका प्रवाह द्यावा: 2000 एमएएचच्या (मिलिअँपिअर-तास, म्हणजे साठवणक्षमतेचे माप) सेलला 1 अँपिअर, 800 एमएएचच्या लहान सेलला 0.4 अँपिअर. दुरुस्तीवाले पंधरा-वीस रुपयांचे टीपी4056 चे जे छोटे चार्जिंग सर्किट टॉर्चमध्ये बसवून देतात, ते 4.2 व्होल्टवर नीट थांबते आणि योग्य जागी वापरले तर वाईट नाही. पण त्यावर सहसा 1.2 किलोओहमचा रोध असतो आणि त्यामुळे ते पूर्ण 1 अँपिअर देते, जो लहान सेलला जास्त होतो. रोध बदलून 2 किलोओहमचा लावला की प्रवाह 580 मिलिअँपिअरवर येतो. बसवणाऱ्याला हे आवर्जून सांगावे.

या नियमात एक खाच आहे: क्षमतेचा आकडाच खोटा असेल तर सगळे गणित कोसळते. आमच्या चौथ्या सेलवर 6800 एमएएच छापलेले होते. नावाजलेल्या कारखान्यांचे बहुतेक 18650 सेल 2000 ते 3600 एमएएच या पट्ट्यात असतात, तेव्हा एवढ्या आकाराच्या डब्यात 6800 किंवा 9900 मावणे शक्य नाही. मी तो सेल गल्लीतल्या किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला. 31 ग्रॅम भरला. चांगला 18650 सेल साधारण 44 ते 50 ग्रॅमचा असतो. दुकानदाराने स्वतः दुसरा एक सेल ठेवून पाहिला आणि दोन्ही आकडे मोठ्याने वाचले. छापील 6800 वर विश्वासून कोणी अशा सेलला 2 अँपिअर देईल, तर प्रत्यक्षात तो त्याच्या सोसण्याच्या कितीतरी पलीकडचा प्रवाह असेल. म्हणजे चांगला चार्जर घेऊनही खोटा सेल धोक्याचा राहतो, आणि चार्जर बदलताना सेलही विश्वासाचा घ्यावा लागतो, हे मान्य करायला हवे.

भिंतीत थेट खोचायचे स्वस्त चार्जर मी आता घेतच नाही. त्यांत 230 व्होल्टची बाजू आणि सेलची बाजू यांच्यामधले अंतर आणि विद्युतरोधन कसे आहे हे बाहेरून कळत नाही, आणि ओल्या हाताने सेल काढणारा माणूस शेतावर असतोच. त्याऐवजी 5 व्होल्टवर, यूएसबी तारेने चालणारा चार्जर आणि त्याला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी असलेला मोबाइल अ‍ॅडॅप्टर, अशी जोडी मी निवडली. अ‍ॅडॅप्टरवर मानक चिन्हाजवळ आर या अक्षराने सुरू होणारा आठ अंकी नोंदणी क्रमांक असतो. बीआयएस केअर या मोबाइल अ‍ॅपमध्ये तो टाकला की कोणत्या उत्पादकाच्या नावाने आहे ते दिसते. लिथियम सेलसाठी आयएस 16046 हे मानक आहे आणि त्यांच्या नोंदणीचीही अशीच पडताळणी करता येते. दुकानात उभे राहून हे करायला दोन मिनिटे लागतात. दुकानदार नाराज होतो असा माझा अनुभव नाही. एकाने तर मागून क्रमांक नसलेला माल आपण होऊन बाजूला ठेवला.

आपल्या उन्हाळ्यासाठी

चार्जर कितीही चांगला असला तरी जागेची उष्णता तो बदलू शकत नाही. लिथियम-आयन सेल साधारणपणे 0 ते 45 अंश सेल्सिअस या तापमानातच चार्ज करायचे असतात. नागपुरात मे 2013 मध्ये 47.9 अंशांची नोंद झालेली आहे, आणि एरवीही नवतपात (मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत) पारा 45 च्या आसपास असतो. टिनाच्या छपराखालच्या खोलीत दुपारी त्याहून अधिक असते. म्हणून एप्रिल ते जूनपर्यंत चार्जिंग पहाटे करावे, तेही माणूस जागा असताना. रात्रभर वापरलेला टॉर्च हाताला गरम लागत असेल तर सेल अर्धा तास बाहेर काढून ठेवावा आणि मगच लावावा. थंडाव्यासाठी चार्जर कूलरच्या स्टँडवर ठेवण्याची सवय मात्र मोडावी, तेथे ओल असते. गादी, कापसाची पोती, चाऱ्याची गंजी यांच्याजवळ तर कदापि नको. स्वयंपाकघरातला कडप्प्याचा मोकळा ओटा, शेगडीपासून दूर, ही बरी जागा आहे. आमच्या खोलीत चार्जिंगची जागा दाराशीच होती. ती आम्ही हलवली, कारण काही पेटलेच तर बाहेर पडण्याची वाट तीच होती.

सेलमधून फुसफुस आवाज आला किंवा धूर निघाला तर त्याला हात लावू नये. मेन स्विच बंद करावा, सर्वांनी बाहेर पडावे, धूर विषारी असतो म्हणून आत रेंगाळू नये, आणि 101 वर अग्निशमन दलाला कळवावे. वीज बंद झाल्याची खात्री असेल आणि आग लहान असेल, तर दूर उभे राहून भरपूर पाणी टाकल्याने सेल थंड होतो. थोडे पाणी शिंपडून थांबल्यास तो पुन्हा पेटू शकतो.

नवा चार्जर आणल्यावर पहिली फेरी मी स्वतः समोर बसून केली. पडद्यावर भरले असे दिसल्यावर मीटरने मोजले, 4.19 व्होल्ट, चार तासांनी 4.18; सेल चार्जरबाहेर काढून दोन दिवसांनी 4.17. आता त्या सेलवर संत्र्याचा दुसरा आंबिया बहार (हिवाळ्याअखेरीस फुलणारा) पार पडतो आहे आणि उजेड पहिल्यासारखाच आहे. भाऊ दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भरलेल्या सेलचा आकडा खोलीच्या दारामागे खडूने लिहितात. 4.25 च्या वर किंवा, रात्रभर पडून राहिल्यावर, 4.10 च्या खाली काही दिसले तर मला फोन करायचा, असे ठरले आहे.

ते चार जुने सेल, डोक्याच्या दिव्यातला पाचवा आणि तो चार्जर मी कचरागाडीत टाकले नाहीत, कारण गाडीत दाबले जाऊन सेल पेटू शकतात. सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावली, कोरड्या वाळूने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात काही दिवस बाहेरच्या ओसरीत ठेवले आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत संकलकाकडे नेऊन दिले. चार्जरचे दोन्ही पाय तेथे देण्याआधी मी तोडून टाकले, म्हणजे तो पुन्हा कोणाच्या सॉकेटमध्ये जाणार नाही.